सर्दी-ताप, अँटिबायोटिक आणि राखेखालचा निखारा

ताई, तुमचा प्रश्न बराच लांब होता, तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही खानापूर तालुक्यात शाळेत शिकवता. मुलगा चार वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून त्याला सात-आठ वेळा सर्दी-ताप झाला आणि जवळजवळ दर वेळी अँटिबायोटिकची बाटली मिळाली. मागच्या महिन्यात तापामागोमाग जुलाब लागले, तेव्हा मेडिकलवाल्यानं प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जीवाणूंच्या, दहा पुड्या दिल्या आणि "यानं इम्युनिटी वाढते, डेंग्यूतसुद्धा चांगलं" असं सांगितलं. पुण्याच्या नणंदेनं "सगळी प्रतिकारशक्ती पोटात असते" असा व्हिडिओ पाठवला. तर पुड्या रोज द्यायच्या का, पोटातल्या जंतूंचा आणि विषाणूंच्या तापाचा खरंच काही संबंध असतो का, आणि तापात ताक द्यावं का, कारण सासूबाई नको म्हणतात.

संबंध आहे, आणि मेडिकलवाल्याला वाटतो त्यापेक्षा खोल आहे. पण त्यावरून "पुडी द्या" असं निघत नाही. निघतं ते इतकंच, की गरज नसताना अँटिबायोटिक देऊ नका. पोटात नवं काय घालायचं याचा विचार नंतर. तिथं आहे ते मारायचं नाही, हे आधी.

मी तीस वर्षं बेळगावात शहापूर भागात लहान मुलांचा दवाखाना चालवतोय, शनिवारी खानापुरात बसतो. त्यामुळे तुमच्याकडचा पाऊस आणि तिथली पोरं, दोन्ही माहितीतली. एक काळजी आधी मनातून काढून टाका. बालवाडीत जायला लागलेल्या पोराला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं हे सरळ वाढीतलंच आहे. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त, आणि जून ते सप्टेंबर खिडक्या लावलेल्या खोलीत ओल्या रेनकोटांसकट तीस पोरं बसलेली. त्याची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती शाळा शिकतेय. या शाळेतला खरा घोटाळा अँटिबायोटिकच्या बाटल्यांचा आहे.

मागच्या जुलैत जांबोटीकडची एक आजी नातवाला घेऊन आली. हातात साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी. "बगा डॉक्टर, सगळं आणलंय, काय बी टाकलं नाही," म्हणत तिनं ती टेबलावर उपडी केली. अकरा बाटल्या. पावडरीत खुणेपर्यंत पाणी घालून हलवायच्या, त्या. कुठं झाकणाला मुंग्या चिकटलेल्या, कुठं तळाशी औषधाचा गाळ वाळून दगड झालेला. बहुतेकीत तीन-चार चमचे उरलेले, कारण ताप उतरला की औषध बंद. लेबलं वाचत मी ओळीनं लावत गेलो: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट चार, सेफिक्झिम पाच, अझिथ्रोमायसिन दोन. चौदा महिन्यांतलं हे. चिठ्ठ्या मात्र चारच होत्या. उरलेल्या सात बाटल्या "मागच्या वेळचंच द्या" म्हणून थेट दुकानातून आलेल्या. "दर टायमाला हेच देऊलालेत बगा," आजी म्हणाली. पोराचं पोट फुगलेलं, भूक गेलेली, आणि नाक तसंच वाहत होतं.

आजीला मी काही बोललो नाही, कारण सुरुवातीची दहा वर्षं मी स्वतः तेच करत होतो. रिकाम्या हातानं पाठवलेला पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो, हे धंद्यातलं पहिलं शहाणपण मीही शिकलो होतो. २००६ साली चिकनगुनियाची साथ आली तेव्हा तर कहरच. देशात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या कर्नाटकात. आपल्या भागात अख्ख्या गल्ल्या भिंत धरून चालत होत्या, आणि नावात चिकन आहे म्हणून लोकांनी कोंबडी खाणं सोडलं होतं. विषाणूचा आजार आहे हे मला पक्कं माहीत असूनही मी "बरोबर असू दे" म्हणून कित्येकांना अँटिबायोटिक लिहून दिलं. विषाणूला त्याचा ओरखडाही उठत नाही हे ठाऊक होतं. वाटायचं, उपयोग नसला तर नसू दे, नुकसान तरी काय? ते नुकसान कसं होऊ शकतं ते मला पुढं कळलं.

आता पोटातलं बघू. आपल्या अंगात पेशींच्या दहापट जंतू असतात असं त्या व्हिडिओत असेलच. ते जुनं झालं. २०१६ साली नव्यानं हिशेब मांडला गेला, तो असा: सत्तर किलोच्या माणसात स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जीवाणू ३८ लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जीवाणूंचं वजन मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही, दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात, बाकीचे तोंडात, नाकात, घशात, कातडीवर. ही वस्ती पाहुण्यांची नाही, कायम कुळांची आहे. आपल्या संरक्षणयंत्रणेचं आणि या कुळांचं बाळपणापासून बोलणं चालू असतं.

विषाणूशी लढताना पहिली धाव इंटरफेरॉनची. विषाणू शिरलेली पेशी हे प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते शोधलं १९५७ साली. फ्लूचा विषाणू पेशीत शिरल्यापासून सहा-आठ तासांत नवी पिलावळ बाहेर काढतो. म्हणजे इंटरफेरॉन किती निघालं, यापेक्षाही किती लवकर निघालं, याला महत्त्व.

तुमच्या घरी चूल असेल किंवा आजोळी बघितली असेल. रात्री निखारे राखेखाली दाबून ठेवतात. सकाळी राख सारली, दोन फुंकरी मारल्या की जाळ. निखारा विझला तर काड्यापेटी, रॉकेल, ओली लाकडं, आणि अर्धा तास धूर. पोटातल्या जीवाणूंचं काम त्या दाबलेल्या निखाऱ्याचं. त्यांच्या पेशीभित्तीचे तुकडे, त्यांनी बनवलेली रसायनं थोडी थोडी आतड्याच्या अस्तरातून झिरपतात, रक्तातून फिरतात, आणि दूर फुप्फुसातल्या पेशींनासुद्धा अर्धवट जागं ठेवतात. जाळ नाही, नुसती ऊब.

ही नुसती उपमा नाही. येल विद्यापीठात अकिको इवासाकी यांच्या गटानं २०११ साली उंदरांना चार आठवडे पाण्यातून अँटिबायोटिक दिलं आणि मग नाकातून फ्लूचा विषाणू. या उंदरांत प्रतिपिंडं कमी, लढाऊ टी-पेशी कमी, फुप्फुसात विषाणू जास्त. मग त्यांनी जीवाणूंच्या भिंतीतला एक घटक थोडासा उंदरांना दिला, तोही गुदद्वारातून, आणि फुप्फुसातली लढाई पुन्हा सुधारली! पोटाचा निरोप छातीपर्यंत जातो याचा यापेक्षा सरळ पुरावा मला तरी माहीत नाही. २०१९ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत हाच धागा पुढं नेला गेला. धडधाकट पोटाचे सुमारे ८० टक्के उंदीर फ्लूतून वाचले. आधी अँटिबायोटिक दिलेल्यांत वाचले जेमतेम एक तृतीयांश. फुप्फुसाच्या अस्तरातली इंटरफेरॉनची ती मंद धग विझलेली होती आणि पहिल्या दोन दिवसांतच विषाणू पाचपट झाला होता.

आणि माझ्या २००६ च्या पापाचा हिशेब २०२० साली आला. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांना तोंडावाटे अँटिबायोटिक देऊन मग चिकनगुनियाचा विषाणू टोचला. एका दिवसात रक्तात विषाणू भरमसाट. मग क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स नावाचा एकच जीवाणू परत पोटात सोडला, किंवा तो पित्तापासून बनवतो ते डिऑक्सिकोलिक आम्ल दिलं, तर इंटरफेरॉनची घडी पुन्हा बसली. रक्तात विषाणू कमी असला की चावणाऱ्या डासालाही तो कमी मिळतो, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे एका घरातली अँटिबायोटिकची बाटली शेजारच्या घराच्याही अंगाशी येऊ शकते. त्याच विद्यापीठात २०१८ साली डेंग्यू, झिका आणि वेस्ट नाइल या तीन विषाणूंवर काम झालं होतं. तिथंही आधी अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांचे हाल जास्त. तेव्हा मेडिकलवाल्याच्या "डेंग्यूत चांगलं" या वाक्यातला पहिला अर्धा भाग खरा धरा: पोटातले जीवाणू डेंग्यूत कामाचे असतील. पुडीतले, असं कुणी दाखवलेलं नाही.

उंदीर म्हणजे आपलं पोर नव्हे, हे कबूल. महिनाभर चार-चार अँटिबायोटिकं एकदम कुणी मुलाला देत नाही. माणसांतला पुरावा पातळ आहे, पण आहे. २०१९ साली अमेरिकेत काही धडधाकट प्रौढांना फ्लूच्या लशीच्या आगेमागे पाच दिवस अँटिबायोटिकं दिली. पोटातले जीवाणू दहा हजार पटींनी घटले. ज्यांच्या अंगात फ्लूविरुद्धची जुनी प्रतिपिंडं भरपूर होती त्यांना फारसा फरक पडला नाही. ज्यांच्यात ती कमी होती त्यांना लस नीट लागली नाही, विशेषतः तिच्यातल्या एच१एन१ या फ्लूच्या प्रकाराविरुद्धच्या भागाची. हा तपशील लहान मुलांच्या डॉक्टरला टोचतो, कारण जुनी प्रतिपिंडं कमी असलेला माणूस म्हणजे पाच वर्षांखालचं पोर.

आणि ही वस्ती परत कधी बसते? डेन्मार्कमध्ये बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जोरदार अँटिबायोटिकं देऊन पुढं सहा महिने त्यांच्या शौचाचे नमुने तपासले. दीड महिन्यात बहुतेक घरं पुन्हा भरली. पण आधी सर्रास असलेले नऊ प्रकार बहुतेकांत सहा महिन्यांनंतरही सापडले नाहीत. आता त्या आजीच्या अकरा बाटल्या चौदा महिन्यांवर वाटून बघा. वस्ती सावरतेय तोवर पुढची धाड.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण व्हिडिओवाले ती कधीच सांगत नाहीत. पोटातले जीवाणू आपले निष्ठावंत शिपाई वगैरे नाहीत. ते स्वतःचा संसार बघतात, आणि कधीकधी विषाणूलाही ओसरी देतात. पोलिओचंच घ्या. २०११ साली जूली फायफर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की पोट जंतुरहित केलेल्या उंदरांत पोलिओ वाढला नाही, उलट कमी झाला. पोलिओचा विषाणू आतड्यातल्या जीवाणूंच्या भिंतीतल्या घटकाला चिकटतो, त्यानं तो टिकाऊ होतो आणि पेशीत शिरणंही सोपं जातं. उंदरांतल्या नोरोव्हायरसचं तसंच, लहान पोरांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसचंही बऱ्याच अंशी. पण रोटाचं गणित आणखी गमतीचं. आतड्याला धाग्यासारखा चिकटून राहणारा एक जीवाणू उंदरांत असला, तर रोटा लागतच नाही. म्हणजे त्याच पोटात एक जण दार उघडतो आणि दुसरा कडी लावतो. "चांगले बॅक्टेरिया, वाईट बॅक्टेरिया" अशी शाळेच्या फळ्यावरची विभागणी इथं टिकत नाही.

आपल्या देशात हे सगळं लशींच्या निमित्तानं घासून बघितलं गेलं. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस उत्तर प्रदेशात दर डोसमागे जेमतेम ९ टक्के काम करत होती, बिहार सोडून बाकीच्या देशात सुमारे २१ टक्के. तेवढ्यासाठी तिकडच्या पोरांना डोसांवर डोस द्यावे लागले. शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. रोटाच्या लशीचीही तीच कथा: श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांच्या पुढं, आपल्याकडच्या ११६ई वाणाच्या लशीला पहिल्या वर्षी ५६ टक्के. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गगनदीप कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की पोटातले रोगजंतू अझिथ्रोमायसिननं साफ करून पोलिओची लस दिली तर? साफसफाई झाली, आतड्याची सूजही कमी झाली, आणि लस होती तेवढीच लागली. दुसऱ्या चाचणीत त्यांनी प्रोबायोटिक आणि झिंक दिलं. फरक पडला तो नावापुरता. या लशी तरीही घ्यायच्याच. ५६ टक्के म्हणजे आमच्या वॉर्डातली निम्म्याहून जास्त सलाइनं वाचली. तुमच्या मुलाचे रोटाचे तिन्ही डोस कार्डावर आहेत ना ते बघून ठेवा.

आता पुड्या.

माझी आई आषाढातल्या पावसात दही लावायची ते आठवतं. बेळगावच्या त्या गारव्यात दही लागता लागत नाही. ती दूध कोमट करून, विरजण बोटानं घोळवून, पातेलं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. सकाळी घट्ट दही. विरजणानं एकदा पातेल्यावर ताबा मिळवला की बाहेरून पडलेला भुरा जंतू तिथं उगवत नाही. आंबटपणाच त्याला उभा राहू देत नाही. पोटातही हेच चालतं. जागा भरलेली असली की नव्याला शिरकाव नाही. पण याच कारणानं पुडीतल्या जीवाणूंनाही तिथं घर मिळत नाही. पुडी चालू आहे तोवर ते शौचात दिसतात, बंद केली की बहुतेक काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत गायब. एस.टी.तले उभे प्रवासी ते, सीट कुणी देत नाही.

जुलाबाला म्हणून आम्ही सगळे डॉक्टर ओआरएसबरोबर सर्रास पुड्या लिहायचो. २०१८ साली या सवयीवर दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक अमेरिकेत ९७१ मुलांवर, दुसरी कॅनडात ८८६ मुलांवर, सगळी तीन महिने ते चार वर्षं वयाची. पुडी घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांचे जुलाब सारखेच दिवस चालले. तेव्हापासून मी लिहिणं सोडलं. ओआरएस, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम झिंक चौदा दिवस, त्याखालच्या बाळाला १०. ज्यानं फरक पडतो ते एवढंच, आणि ते आपल्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

सर्दी टाळण्यासाठी? कॉक्रेन या संस्थेनं २०२२ साली चाचण्या एकत्र करून बघितल्या. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत सर्दी-घसा होणाऱ्यांची संख्या पाव हिश्शानं कमी असावी असं दिसलं, पण पुराव्याचा दर्जा कच्चा, आणि प्रत्येक चाचणीतला जीवाणू वेगळा. अमुक वाण, अमुक मात्रा, अमुक वय, असं नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. अँटिबायोटिक खरंच चालू असताना त्याच्यामुळे होणारे जुलाब टाळायला पुडीचा उपयोग होतो, हे मात्र मानावं लागतं; तेवढ्यापुरती द्यायला माझी हरकत नाही. गंमत अशी की इस्रायलमधल्या एका प्रयोगात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परत बसायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षाही जास्त वेळ लागला. उभे प्रवासी दारात गर्दी करून राहिले, सीटवाल्यांना चढता येईना.

एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तो आपल्या मातीतला आहे. ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही यांनी ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. पहिल्या आठवड्यातच सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक खास वाण आणि त्याचं खाद्य म्हणून एक साखर. पुढच्या दोन महिन्यांत रक्तात जंतू होणं किंवा मृत्यू, दोन्ही मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले; छातीचे आजारही घटले. पण तो वाण त्यांनी शेकडोंतून वर्षानुवर्षं निवडलेला, बाळं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांची, अंगावर पिणारी. मेडिकलच्या फळीवरची पुडी ती नव्हे. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर अशी पुडी आपल्या मनानं कधीच देऊ नये. त्यांच्यात हे जीवाणू रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत.

शिल्लक पुड्या टाकून द्या किंवा संपवा, चार वर्षांच्या धडधाकट पोराला त्यानं काही होणार नाही. नवीन आणू नका. ते पैसे मटकीवर घाला.

मटकी गमतीनं म्हटलं नाही. आतड्यातले कामाचे जीवाणू जगतात ते आपल्याला न पचणाऱ्या चोथ्यावर. त्यातून ते ब्युटिरेट, ॲसिटेट, प्रोपिओनेट अशी छोटी आम्लं बनवतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. लोझानमध्ये २०१८ साली उंदरांना चोथ्याचं खाणं देऊन फ्लू दिला, तर त्यांच्या फुप्फुसाची नासधूस कमी झाली आणि विषाणू मारणाऱ्या टी-पेशी जास्त तयार झाल्या. मला हा निकाल फार आवडतो, कारण फ्लूत माणूस मरतो तो बऱ्याचदा स्वतःच्याच आगीत. इथं जाळ आटोक्यात आणि नेमही बरोबर. ब्राझीलमध्ये आरएसव्हीवर, म्हणजे तान्ह्या बाळांच्या छातीत घरघर आणणाऱ्या विषाणूवर, असंच दिसलं. तिथं ॲसिटेट कामी आलं.

तुमच्या खानापूरकडं नाचणी आहे, उकडा लाल तांदूळ आहे, हुलगे आहेत, पावसात रानभाज्या आहेत. तरी दवाखान्यात मी विचारतो "सकाळी काय खाल्लं?" तर दहातली सात पोरं म्हणतात चहा-बिस्कीट. दुपारी डब्यात पाच रुपयांचं पाकीट. ज्या आंबिलीवर दोन्ही भाषांतली माणसं पोसली, कन्नडवाले अंबली म्हणतात तीच, ती आता घरात फक्त आजोबांना शुगर आहे म्हणून होते. पोराला गोड लावायला गूळ घातला तरी चालेल, पण होऊ द्या. कुंदा-मांड्यांवर माझा राग नाही, सणाला खावेतच.

अँटिबायोटिक कधी द्यायचंच, हेही सांगतो, नाहीतर माझं ऐकून कुणी न्यूमोनिया घरी बसवायचं. पोर शांत असताना पोटाकडं बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर रात्र असली तरी निघा. शौचात रक्त, कानातून पू, लघवीला जळजळ, आठवडाभर चढता ताप, यांतही तपासून अँटिबायोटिक लागू शकतं, आणि लागलं तर ठरल्या दिवसांचं पूर्ण द्यायचं. फ्लूमागोमाग जीवाणू छातीत घुसतात, हेही विसरू नका. १९१८ च्या साथीत मेलेल्यांतले बहुतेक त्या दुसऱ्या हल्ल्यानंच गेले. म्हणून ताप उतरून दोन दिवस बरं असलेलं पोर पुन्हा तापलं आणि धापा टाकू लागलं, तर ती "तीच सर्दी" समजू नका. बाकी हिरवा शेंबूड, दोन-तीन दिवसांचा ताप, घसा बसणं, यांना वेळ द्या. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जंतू झाले, हा आपल्या भागातला सगळ्यात महागात पडलेला समज आहे.

डेंग्यूचा संशय असेल तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, पाणी-पेज-ओआरएस भरपूर. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको. ताप उतरतो त्याच दिवसांत लक्ष जास्त ठेवा: पोटात जोराची दुखी, उलट्या थांबेनात, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त, पोर सुस्त, यांतलं एक जरी दिसलं तरी दवाखान्यात भरती. पुडी, पपईचा पाला, किवी यांच्या नादात ते तास घालवू नका.

राहिलं ताक. सासूबाईंची भीती थंड ताकाची असेल तर त्यांचं थोडं ऐका, फ्रिजमधलं देऊ नका. घशाला बरं वाटत नाही आणि पोर पीत नाही, एवढंच त्यातलं नुकसान. सकाळी घुसळलेलं, पातळ, चिमूटभर मीठ घातलेलं ताक तापातही चालतं, जुलाबातही चालतं. त्यातले जीवाणू पोटात वस्ती करणार नाहीत हे वर सांगितलंच. पण त्यात पाणी आहे, मीठ आहे, प्रथिनं आहेत, आणि आजारी पोर भाताचा घास ज्याच्याबरोबर गिळतं असा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. स्टॅनफर्डला २०२१ साली ३६ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. दहा आठवडे रोज आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या पोटातल्या वस्तीत विविधता वाढली आणि रक्तातली सुजेची १९ प्रथिनं उतरली. त्यात विषाणूंचं काही तपासलेलं नव्हतं, म्हणून ताकानं ताप जाईल असं मी म्हणणार नाही. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी ताकात हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन कोमट करायला सांगितलंय, फाटू न देता. कोमट म्हटलं की त्या देऊ देतील; माझ्या घरी दिलं होतं.